सांगणारं माणूस हवं

कंडक्टरच्या नोकरीत माणूस वीतभर अंतरावरून बोलतो. इंजिनाची घरघर, काचांचा खडखडाट, मागे कुणाचं तरी बाळ रडत असतं, त्यात "कुठं जायचंय?" विचारून उत्तर ऐकायचं तर कान प्रवाशाच्या तोंडापाशी न्यावाच लागतो. धाराशिव-तुळजापूर, तुळजापूर-नळदुर्ग-उमरगा या रस्त्यांवर माझी नोकरीची वर्षं अशीच गेली. मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट झालं आणि गाडीतली दाटी आणखी वाढली. उभ्या बायकांच्या मधून वाट काढत तिकिटं फाडताना कुणाचा श्वास कुणाच्या तोंडावर येतो, याला धरबंद राहत नाही.

त्यामुळे तोंडाचे वास मला कळतात. सकाळच्या गाडीला भाकरी, ठेचा आणि कच्चा कांदा खाऊन आलेला शेतकरी ओळखू येतो. त्या वासात वाईट काही नाही. कांदा-लसणातला वासाचा अंश रक्तात उतरतो आणि फुप्फुसातून श्वासाबरोबर बाहेर पडतो, म्हणून कितीही चुळा भरल्या तरी तो लगेच जात नाही. दिवसभरात आपोआप ओसरतो. नवरात्रात तुळजापूरच्या गाड्यांना वेगळाच वास असतो. नऊ दिवसांचा कडक उपवास धरलेल्या बायका, अनवाणी चाललेले आराधी, ज्योत आणायला निघालेली पोरं. पोटात अन्न नसलं की शरीर साठवलेली चरबी जाळायला घेतं आणि श्वासाला पिकल्या फळासारखा, थोडा नेलपॉलिश काढायच्या औषधासारखा वास येतो. उपवास सुटला की तो जातो. पण उपवास नसताना कुणाच्या श्वासाला असा वास येत असेल, बरोबर खूप तहान, उलट्या, धाप असेल, तर साखर फार वाढल्याची ती खूण असू शकते आणि तिथं एक तासही दवडू नये. हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं.

उरतो तो सडका वास. कुजल्या अंड्यासारखा. तो खाण्याचा नसतो, उपवासाचाही नसतो. शर्ट इस्त्रीचा, केस नीट विंचरलेले, बोलणं गोड, आणि तोंड उघडलं की समोरचा मान वळवतो. त्या माणसाला स्वतःला याची काहीच कल्पना नसते. आपलं नाक आपल्या वासाला सरावलेलं असतं.

माझ्या तोंडाला तोच वास येत होता, हे मला माझ्या धाकट्या जावेनं सांगितलं. आम्ही दोघी स्वयंपाकघरात शेंगा फोडत बसलो होतो. पोरं बाहेर होती. ती म्हणाली, "अक्का, राग येऊ देऊ नका. तुमच्या तोंडाला वास येतोय. लई दिवस झाले, सांगू का नको, सांगू का नको म्हणत होते." मला घेरी आल्यासारखं झालं. दिवसभर शेकडो माणसांशी बोलणारी मी. पण तिच्या आवाजात हिणवणं नव्हतं, काळजी होती. आजवर मला कुणी दिलेल्या सगळ्या भेटींत तिचं ते वाक्य मी वर धरते.

मग सुरू झाले सल्ले, आणि सगळ्यांचं निदान एकच: पोट. पोट साफ नसेल. पित्त असेल. कुणी त्रिफळा दिला, कुणी एरंडेल, कुणी सकाळी उपाशीपोटी कोमट पाणी. मेडिकलवाल्यानं पित्ताच्या गोळ्यांची पट्टी हातात ठेवली. बॅगेत लवंग, वेलची, भाजकी बडीशेप आली. लवंग चघळली की घटकाभर बरं वाटायचं, पुढच्या थांब्यापर्यंत तोंड पुन्हा कोरडं आणि चिकट. सकाळी उठल्यावर तर जीभ टाळूला चिकटलेली असायची, थुंकीला तार यायची, तोंडात कडवट चव. दात घासताना बेसिनमध्ये लाल दिसायचं, पण त्याचा आणि वासाचा काही संबंध असेल, असं घरात कुणीच म्हटलं नव्हतं.

शेवटी दातांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पहिल्यांदा हत्यार हातातच घेतलं नाही. म्हणाल्या, "तोंड मिटा आणि नाकानं श्वास सोडा." त्यांनी जवळून वास घेतला. "आता नाक चिमटीत धरा आणि तोंडानं सोडा." पुन्हा घेतला. वास फक्त तोंडाच्या श्वासाला होता. नाकाच्या श्वासाला असता तर नाक, सायनस तपासावं लागलं असतं. दोन्हीला असता तर छाती, रक्त, मूत्रपिंड, यकृत यांचा विचार करावा लागला असता. मूत्रपिंड निकामी होत असेल तर श्वासाला लघवीसारखा उग्र वास येतो, हेही त्यांनीच सांगितलं. पण दहातल्या आठ-नऊ जणांचा वास तोंडातलाच असतो. पोटाचा फार क्वचित, कारण अन्ननलिका एरवी मिटलेली असते. ढेकर येईल तेवढाच काय तो वास वर येतो. मराठवाड्यात पोटाच्या नावाखाली किती चूर्णं खपत असतील, याचा मी त्या खुर्चीतच विचार करत होते.

मग त्यांनी एक प्लास्टिकचा चमचा उलटा करून माझ्या जिभेच्या अगदी मागच्या भागावरून, जिथं ओकारी येते तिथून, पुढे ओढला. चमच्यावर पिवळट पांढरा, दह्याच्या निवळीखाली बसतो तसा थर आला. तो थोडा वाळू दिला आणि चमचा माझ्याच नाकाशी धरला. तेव्हा पहिल्यांदा मला माझा वास आला.

जिभेचा पृष्ठभाग खरखरीत असतो. मागच्या बाजूला, जिथं ब्रश पोचत नाही, तिथं अन्नाचे कण आणि मेलेल्या पेशी अडकून राहतात. हवेशिवाय जगणारे जंतू त्यातली प्रथिनं फोडतात आणि गंधकाचे वायू सोडतात. हेच जंतू दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत राहतात. डॉक्टरांनी खुणा केलेली बारीक सळई हिरडीच्या कडेनं आत सरकवली. निरोगी हिरडीत ती 3 मिलिमीटरपर्यंत जाते. माझ्या मागच्या दाढांजवळ 5 आणि 6 पर्यंत गेली आणि रक्त आलं. दुखलं मात्र फारसं नाही. हिरडीचा आजार दुखत नाही, म्हणूनच तो वर्षानुवर्षं राहतो. दातांच्या आतल्या बाजूला कीटण दगडासारखं चिकटलं होतं.

त्यानंतरचा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. "दिवसाला पाणी किती पिता?"

बाहेर पडणाऱ्या बाईला हा प्रश्न विचारला की उत्तर ठरलेलं असतं. कमी. वेळापत्रकावर धावणाऱ्या गाडीतून लघवीला मधेच उतरता येत नाही, म्हणून घरून निघताना दोन घोट, दुपारी जेवताना अर्धा तांब्या आणि मधे मधे चहा. हे मला जुन्या बायकांनी शिकवलं होतं, त्यांना त्यांच्या आयांनी. उसाच्या फडात जाणाऱ्या भूम-परांड्याच्या बायका हेच करतात, बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या हेच करतात, मास्तरीणबाई हेच करतात. लघवीची आग, मुतखडा हे त्याचे परिणाम बायका एकमेकींना दबक्या आवाजात सांगतात. तोंडाचा वास हाही त्यातलाच आहे, हे कुणी सांगत नाही.

त्यात भर म्हणून धुळीची अ‍ॅलर्जी. नाक कायम चोंदलेलं, त्यामुळे झोपेत तोंड उघडं, आणि त्यासाठी रोज रात्री घेतली जाणारी सर्दीची गोळी. ती गोळी लाळ सुकवते. रक्तदाबाच्या, नैराश्याच्या काही गोळ्याही सुकवतात. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ पाझरते आणि तोंड धुऊन काढते. झोपेत ती जवळजवळ थांबते, म्हणून सकाळी सगळ्यांच्याच तोंडाला वास असतो. डॉक्टर म्हणाल्या, "ओढा वाहता आहे तोवर पाण्याला वास येत नाही. साचला की येतो." दर उन्हाळ्यात आटणारे ओढे बघत वाढलेल्या माणसाला याहून जास्त समजावून सांगायची गरज नव्हती.

उपचार साधे निघाले. दोन बैठकांत हिरड्यांखालचं कीटण खरवडून काढलं. रात्रीचं घासणं सक्तीचं झालं. तोपर्यंत आमच्या घरात दात घासणं हे सकाळचं काम होतं. रात्रभर लाळ नसलेल्या तोंडात जेवणाचे कण ठेवून झोपणं म्हणजे जंतूंना पंगत वाढणं, हे कळल्यावर पोरांनाही झोपायच्या आधी ब्रश हातात द्यायला लागले. जिभेसाठी तांब्याची पट्टी आणली, मागून पुढे, हलक्या हातानं. दातांच्या फटींसाठी छोटा ब्रश. सर्दीची गोळी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी बदलून नाकात मारायचा फवारा दिला. आणि पाणी. गाडी कुठे किती वेळ थांबते, हे मनाशी धरून घोट घोट प्यायला शिकले. माउथवॉश मी विचारला होता. डॉक्टर म्हणाल्या, तो काही तास वास झाकतो. अल्कोहोल असलेला तोंड आणखी कोरडं करतो. काही आठवड्यांत बेसिनमधलं लाल थांबलं. जावेनं एक दिवस स्वतःहून सांगितलं, "अक्का, गेला."

हे इथंच संपलं असतं, पण माझी आई होती.

माझं माहेर आताच्या लोहारा तालुक्यात. 30 सप्टेंबर 1993 ला, गणपती बुडवून गाव झोपलं होतं, त्या पहाटे भूकंप झाला. आमच्या घरातली माणसं वाचली. त्यानंतर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. रात्री कुणाला झोप यायची नाही, जरा पत्रा वाजला की सगळे बाहेर. त्या जागरणात शेजारच्या बायकांबरोबर आईला मिसरीची सवय लागली. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची आणि बोटानं हिरड्यांवर घासत बसायची. सकाळी, दुपारी, रात्री. दात साफ राहतात, पोट साफ होतं, असं ती म्हणायची. तिच्या पिढीच्या कितीतरी बायका म्हणतात. तिच्या तोंडाला वास होता हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. नातवंडं तिच्या कुशीत झोपायला नको म्हणायची आणि आई समजायची, पोरं शहरातली झाली.

मी तिला सांगितलं. जावेनं मला सांगितलं होतं तसंच, दोघीच असताना. आई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मला वाटायचं, म्हातारपणाचा असतो."

तिला त्याच डॉक्टरांकडे नेलं. खालचा ओठ ओढून बघताना त्या थांबल्या. मिसरी जिथं जास्त घासली जायची, तिथं आतली कातडी पांढरी, सुरकुतलेली झाली होती. तोंडात तीन बोटं उभी जातात का, ते बघितलं, गेली. गुटखा-सुपारी खाणाऱ्या तरण्या पोरांची दोनही जात नाहीत, असं त्या म्हणाल्या. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. माझ्या गाडीच्या खिडक्यांखालचे लाल ओघळ काही थांबलेले नाहीत. जेवताना तिखट झोंबतं, तोंड पूर्वीसारखं उघडत नाही, असं सांगणारे विशी-पंचविशीतले प्रवासी मला भेटतात आणि मी तिकीट देता देता त्यांना दवाखान्यात जा म्हणते.

आईच्या हिरड्या फारच सुजलेल्या होत्या. "साखर कधी तपासली?" कधीच नाही. तपासली तर मधुमेह निघाला. साखर वाढली की हिरड्या सडतात, आणि हिरड्या सडल्या की साखर आवरत नाही, असं ते दुहेरी असतं. साखरेची गोळी सुरू झाली, दात साफ झाले. मिसरी सोडणं फार जड गेलं. डोकं दुखायचं, पोट अडायचं, चिडचिड व्हायची. तंबाखूच्या पुडीवर छापलेला 1800-11-2356 हा फुकटचा नंबर मी तिच्यासाठी लावला; पलीकडचा माणूस तिच्याशी शांतपणे बोलला. डबी हळूहळू रिकामी राहायला लागली, नंतर भरलीच नाही. पांढरा डाग पुढच्या तपासण्यांत फिका होत गेला. दोन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा तोंडातला कुठलाही पांढरा-लाल डाग दाखवलाच पाहिजे, हे आता तीच शेजारणींना सांगते.

आमच्या भाच्याचंही सांगते, कारण लहान मुलांचं वेगळं असतं. त्याच्या तोंडाला वास येतो म्हणून जंताचं औषध चाललं होतं. वास नाकाचा होता, आणि एकाच नाकपुडीचा. सोलापूरला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी फुगलेला हरभरा काढला.

वासाचं सांगणं मात्र जपून करावं लागतं. काही माणसांना वास नसतानाही तो असल्याची धास्ती बसते. समोरच्यानं नाकाला रुमाल लावला की आपल्यामुळेच, असं त्यांना वाटतं. पदर तोंडावर धरून बोलणारी एक बाई रोज माझ्या गाडीला असते. तिच्या तोंडाला काहीही वास नाही, हे मी तिला सांगितलंय. म्हणून सांगायच्या आधी स्वतःची खात्री करावी, आणि आपल्याबद्दल शंका असेल तर घरातल्या भरवशाच्या माणसाला विचारावं. मनगट चाटून, थोडं वाळू देऊन वास घ्यायची युक्तीही आहे, पण ती जिभेच्या टोकाचं सांगते, मागचं नाही.

जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत दातांची ओपीडी असते, तिथं तपासणीला मोठा खर्च येत नाही. तुमच्या घरात, शेजारात कुणाच्या तोंडाला कायम वास येत असेल, हिरड्यांतून रक्त येत असेल, तर मान वळवू नका. चारचौघांत नको, एकट्याला गाठून, प्रेमानं सांगा, आणि जमलं तर दवाखान्यापर्यंत त्याच्याबरोबर जा.