बरा फोटो येईल असा कॅमेरा

सोलापुरात मार्च उजाडला की दुपारचं ऊन डोळ्यांवर येतं. एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर गेलेला असताना भुईकोट किल्ल्याच्या तटाजवळ उभं राहून फोनवर फोटो काढून बघावा. पडद्यावर तट दिसत नाही, काळ्या काचेत आपलंच तोंड दिसतं. बोट घामेजलेलं असल्यामुळे पडद्याला ते कळत नाही. तसाच थोडा वेळ उन्हात धरला तर फोन तापल्याची सूचना येते आणि त्यातला कॅमेरा बंद पडतो. आमच्याकडच्या उन्हात फोटो काढायचा तर डोळ्याला लावायची एक लहानशी काचेची खिडकी हवीच, हे मत मी कुठे वाचून बनवलेलं नाही. या उन्हानंच ते बनवलं.

कॅमेरा हवा होता आईसाठी. तिला फोन वापरता येत नाही असं नाही. विजेचं बिल भरते, मावशीला रोज फोन करते. पण फोटो काढायला म्हणून हातात घेतला की मध्येच कुणाचा तरी फोन येतो, अंगठा लागून व्हिडिओ सुरू होतो, नाहीतर समोरच्या झाडाऐवजी स्वतःचा चेहरा दिसायला लागतो. "मला फक्त फोटो काढायचाय रे," ती म्हणाली. "आपल्या क्लिकसारखा साधा काही मिळत नाही का आता?"

क्लिक म्हणजे आग्फा क्लिक थ्री. बडोद्यात तयार होणारा हा कॅमेरा एकेकाळी महाराष्ट्रातल्या कितीतरी मध्यमवर्गीय घरांत होता. १२० नंबरची फिल्म, तीवर बारा चौकोनी फोटो. ऊन आहे की ढग आहेत तेवढं बघून खटका सरकवायचा, खिडकीतून बघायचं आणि बटण दाबायचं. माझ्या मुंजीचे, आजोबांच्या पंच्याहत्तरीचे, गड्ड्याच्या जत्रेतल्या पाळण्यापुढे उभ्या असलेल्या आत्याचे फोटो आईनं त्यातच काढले. कडेला थोडे मऊ आहेत, पण आत्या आत्याच दिसते. आईला फोटोकडून एवढंच हवं असतं आणि ते पुरेसं आहे असं मलाही वाटतं.

बाजारात गेलो तर दोनच टोकं दिसली. एकीकडे लेन्स बदलता येणारे मोठे कॅमेरे, ज्यांची सुरुवातच पन्नास हजारांच्या आसपास होते आणि ज्यांच्या मेनूत शिरलं तर बाहेरचा रस्ता सापडत नाही. दुसरीकडे ऑनलाइन मिळणारे रंगीत प्लॅस्टिकचे कॅमेरे, खोक्यावर ४८ मेगापिक्सेल लिहिलेले. या दुसऱ्या प्रकारापासून लांब राहावं, हे मी कळकळीनं सांगतो. आतला सेन्सर बहुधा त्याच्या कितीतरी कमी क्षमतेचा असतो. मधले ठिपके कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर अंदाजानं भरतं आणि आकडा फुगवतं. लेन्स एकाच ठिकाणी घट्ट बसवलेली असते, त्यामुळे जवळचं फूल आणि लांबचं देऊळ दोन्ही सारखीच पुसट येतात.

या दोन टोकांच्या मधला कॅमेरा गेला कुठे? जपानी कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेच्या आकडेवारीत त्याचं उत्तर आहे. २०१० साली १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते. २०२३ साली तो आकडा पाऊण कोटीच्या जरासा वर होता. जे गेले त्यात बहुतांश खिशात मावणारे साधे कॅमेरे. १९७५ साली स्टीव्हन सॅसन यानं पहिला डिजिटल कॅमेरा बनवला तो कोडॅकमध्ये, आणि २०१२ साली डिजिटल कॅमेरे बनवणं थांबवणाऱ्यांतही कोडॅक होती. फोननं सगळ्यांची सोय केली हे खरं, आणि ती मी नाकारत नाही. पण ज्याला फोटोग्राफीचा छंद नाही, महागडी लेन्स नको, फोनही नको, तरीही आपल्या माणसांचे बरे फोटो हवेत, असा माणूस कुठल्याच कंपनीच्या हिशेबात उरला नाही. त्याचं मला वाईट वाटतं. अशी माणसं पुष्कळ आहेत आणि त्यांतली बरीच वयानं मोठी आहेत.

शेवटी नवी पेठेतल्या एका स्टुडिओत शिरलो. बाहेर 'अर्जंट पासपोर्ट फोटो' आणि 'लॅमिनेशन'ची पाटी, आत काचेच्या कपाटात खालच्या फळीवर जुने डिजिटल कॅमेरे. लोक नव्या फोनच्या नादात ठेवून गेलेले, काही दुरुस्तीला देऊन परत न नेलेले. स्टुडिओवाल्या अण्णांना हवं ते सांगितलं. खिडकी पाहिजे, खरा फ्लॅश पाहिजे, पेन्सिल सेलवर चालला पाहिजे. "पेन्सिल सेल कशाला ओ?" ते म्हणाले, आणि उत्तरही त्यांनीच दिलं, "बरोबर हाय तुमचं. बॅटरी गेली की कॅमेरा गेला. कंपनीची बॅटरी आता मिळत न्हाई, अन् मिळाली तर फुगलेली."

त्यांनी काढून दिला तो २००८ सालचा कॅनन पॉवरशॉट ए५९० आयएस. आठ मेगापिक्सेल, चारपट झूम, दोन पेन्सिल सेल, आणि वर काचेची खिडकी. जुना कॅमेरा कसा पारखावा हे अण्णांनी तिथल्या तिथे दाखवलं. आधी सेलचं झाकण उघडून आतल्या पत्र्यांवर हिरवट चढलंय का ते पाहिलं. सेल आत गळला असेल तर तसं होतं. मग चालू करून लेन्स पुढे-मागे नेली आणि कान लावून ऐकलं. करकर आली तर आत वाळू गेली असं समजायचं. मग टॉर्च लेन्सवर तिरका धरला. काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, आणि ती पुसून जात नाही. शेवटी पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढून पडद्यावर मोठा करून बघितला, कुठे काळा डाग कायम दिसतो का म्हणून. कार्डाचं तेवढं लक्षात ठेवा म्हणाले. २००६च्या आधीचे बहुतेक कॅमेरे दोन जीबीपर्यंतचंच एसडी कार्ड ओळखतात, आणि काही कंपन्यांची त्यांची त्यांची वेगळीच कार्डं होती, जी आता शोधत फिरावी लागतात. याला मोठं कार्ड चालतं. व्यवहार दोन-अडीच हजारांत मिटला. सेल मात्र रिचार्जेबलच घ्यायचे. किराणा दुकानातले साधे सेल थोड्याच फोटोंत बसतात.

आठ मेगापिक्सेल म्हणजे आजच्या जाहिरातींत काहीच नाही. पण हिशेब करून बघावा. अल्बममध्ये लावतो तो चार बाय सहा इंचाचा फोटो इंचाला तीनशे ठिपके धरून छापला तरी बाराशे गुणिले अठराशे, म्हणजे जेमतेम २२ लाख ठिपके लागतात. दोन मेगापिक्सेलच्या जरा वर. आठमध्ये आठ बाय दहाची फ्रेम व्यवस्थित होते. त्यापुढे भिंतभर मोठं करायचं असेल तर गोष्ट वेगळी, पण आमच्याकडे तेवढी भिंत कुणाच्या घरात रिकामी आहे?

उणिवाही आहेत आणि त्या माहीत असाव्यात. संध्याकाळनंतर फ्लॅशशिवाय काढलं की फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे येतात. गड्ड्यात नंदीध्वज घेऊन चाललेल्यांची पांढरी बाराबंदी भर उन्हात फटफटीत पांढरी होते, कापडाची घडी दिसत नाही. चारपट झूमनं नान्नजच्या माळावरचा माळढोक कधीच हाती लागणार नाही, काळवीटसुद्धा ठिपक्याएवढंच येईल. खिडकीतून दिसतं त्याहून फोटोत थोडं जास्त येतं, हे मात्र आईला आवडलं. कुणाचं डोकं कापलं जात नाही.

आईनं पहिले फोटो काढले ते शहराच्या पूर्व भागातल्या तिच्या जुन्या मैत्रिणीच्या घरी. तिथे अजून हातमाग आहे. यंत्रमागाच्या खडखडाटात अशी घरं आता फार थोडी राहिली. खोली अंधारी, वरच्या झरोक्यातून येईल तेवढाच उजेड. काकू दाराशी बसून चरख्यावर कांड्या भरत होत्या, आत काका मागावर होते. मी फोनवर काढलेल्या फोटोत धोट्याच्या जागी नुसती एक पुसट रेघ आली. आईच्या कॅमेऱ्यातला झेनॉन फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकाच उजळतो, त्यामुळे धोटा ताण्याच्या मधोमध थांबलेला मिळाला. त्यातली कांडी दिसते, तिच्यावरून सुटलेलं सूत दिसतं, काकांची करंगळी दोरीवर कशी ताणलेली आहे तेही दिसतं. मागची भिंत काळोखात गेली आहे आणि सावली कडक पडली आहे. कुठला छायाचित्रकार या फोटोला चांगला म्हणेल की नाही, सांगता येत नाही. पण माग चालवताना काकांचा हात कसा चालतो, ते या फोटोत आहे.

मला स्वतःला आणखी एक फरक जाणवला. आई खिडकीला डोळा लावते तेव्हा दुसरा डोळा मिटते आणि क्षणभर थांबते. समोरच्यालाही कळतं की आपला फोटो निघतोय. काकूंनी पदर नीट केला, काकांनी मान वर केली आणि मग दोघं आपापल्या कामाला लागले. फोन वर धरला की लोकांच्या चेहऱ्यावर आता एक ठरलेलं हसू येतं. या जुन्या कॅमेऱ्यासमोर ते आलं नाही. कदाचित त्यांनीही अशाच खिडकीसमोर उभं राहून आपल्या लग्नाचे फोटो काढून घेतले असतील म्हणून.

महिनाअखेरीला आई कार्ड घेऊन अण्णांकडे जाते आणि निवडक फोटो छापून आणते. निवडायला तिला वेळ लागतो आणि तो ती आनंदानं देते. काकूंना त्यांचा फोटो नेऊन दिला, तेव्हा त्यांनी मागच्या कोऱ्या बाजूवर तारीख लिहून मागितली आणि विचारलं, "ह्यो डबा कुठं मिळतो ओ? आमच्या धाकट्या नातीला पाहिजे, ती फोन मागायलीय, आम्ही द्यायला न्हाई म्हणतोय." तिच्यासाठी आता दुसरा शोधतो आहे. २०१३ सालचा पॉवरशॉट ए१४०० मिळाला तर उत्तम. तोही पेन्सिल सेलवर चालतो आणि त्यालाही खिडकी आहे. अण्णांना सांगून ठेवलंय.