हौशी हात आणि तयार हात

लष्करात चोवीस वर्षे मी आर्मरर होतो असे सांगितले की पश्चिम मांबलममधले शेजारी हमखास विचारतात, "म्हणजे तुम्ही बंदुका बनवत होता?" नाही. बंदुका ईशापूर आणि तिरुचिरापल्लीच्या कारखान्यांत बनतात. तिथून त्या पलटणीत येतात, पावसात भिजतात, रेतीत लोळतात, शेकडो हातांतून जातात. मग त्यांची नाडी पाहायची ती आर्मररने. 1943 साली उभ्या राहिलेल्या ईएमईच्या कोअरमध्ये अनेक ट्रेड आहेत, त्यांतला हा एक. पूर्वीचा शिकलगार तलवारीची धार आणि झिलई सांभाळायचा, आम्ही रायफल सांभाळतो. नाते तेच.

छात्रमित्रांनो, हौशी कारागीर आणि पेशाचा कारागीर यांत फरक काय, हा प्रश्न मला नोकरीत कोणी विचारला नव्हता. तो विचारला मांबलममधल्या एका पोराने.

मांबलम स्टेशनच्या एका बाजूला रंगनाथन स्ट्रीटची गर्दी आणि दुसऱ्या बाजूला आमचे पश्चिम मांबलम. इथे देवळे, भजने, मेसचे डबे आणि दुरुस्तीची छोटी छोटी दुकाने. आमच्या वरच्या मजल्यावर एक तंजावरी मराठी कुटुंब राहते. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी दक्षिणेत आले. घरात अजून मराठी बोलतात, पण तिला तमिळचा हेल आहे. त्यांचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. दहा मीटरच्या नेमबाजीचा त्याला नाद आहे. त्याच्याकडे परवाना न लागणारी, 4.5 मिलिमीटरची जुनी स्प्रिंगची एअर रायफल आहे. ती त्याने स्वतः खोलली, स्प्रिंग आणि वॉशर बदलले, सागवानाचा नवा दस्ता कोरला. दस्त्याचे काम पाहून मी खरोखर खूश झालो. लाकडाचा रेषा न् रेषा त्याने सांभाळला होता.

मी कौतुक केले, तेव्हा त्याने विचारले, "मामा, मग तुम्हाला असे काय येते जे मला घरी बसून शिकता येणार नाही?"

प्रश्न उद्धट नव्हता, सरळ होता. उत्तर द्यायला मी दोन दिवस घेतले.

पहिले उत्तर म्हणजे गेज. जुनी .303 रायफल घ्या. बोल्ट बंद केल्यावर त्याचे तोंड आणि काडतुसाची कड जिथे टेकते ती जागा, यांत नेमके अंतर असावे लागते. त्याला हेडस्पेस म्हणतात. .303 साठी ते .064 इंचापासून .074 इंचापर्यंत चालते. म्हणजे सगळी मोकळीक जेमतेम पाव मिलिमीटरची. अंतर कमी पडले तर बोल्ट बंद होत नाही. जास्त झाले तर काडतुसाला मागून आधार राहत नाही, ते फाटू शकते, आणि तापलेला वायू फुटतो तो नेम धरणाऱ्याच्या तोंडापाशी. हे अंतर डोळ्याला दिसत नाही आणि बोटाला कळत नाही. म्हणून 'गो' आणि 'नो-गो' अशी दोन गेज असतात. पहिल्यावर बोल्ट बंद झाला पाहिजे, दुसऱ्यावर होता कामा नये. वीस वर्षांचा अनुभवी आर्मररसुद्धा "मला वाटते, ठीक आहे" असे म्हणत नाही, गेज लावतो. एसएलआरमध्ये तर याच कामासाठी वेगवेगळ्या मापांचे लॉकिंग शोल्डर असतात. कोणता बसवायचा हे गेजच सांगते.

दुसरे उत्तर म्हणजे थांबणे. मुलाला आपल्या रायफलीचा ट्रिगर अधिक हलका हवा होता. स्प्रिंगला अडवून धरणारी आतली खाच कानशीने घासून, पॉलिश करून गुळगुळीत करायची, असा त्याचा बेत होता. मी त्याला सांगितले की अशा तुकड्याला बहुतेक वेळा पाणी पाजलेले असते, पण ते वरवरचे. कातडीएवढा टणक थर आणि आत मऊ गाभा. त्या थरावर नवी कानस घसरते, गाभ्याला मात्र ती चावते. थर घासून गेला की ट्रिगर पहिल्या दिवशी लोण्यासारखा चालतो. मऊ पोलाद पुढे रोज थोडे झिजते आणि एक दिवस रायफल धक्क्यानेच सुटते. बिघाड करणारे काम सुरुवातीला उत्तम कामासारखेच दिसते, हीच त्यातली मेख.

मी विचारले, "ही रायफल आणखी कोण वापरते?"

तो क्षणभर गप्प झाला. म्हणाला, "धाकटी बहीण."

कानस त्याने तेव्हाच डब्यात ठेवली. नवा तुकडा मागवला, आणि तो आला तेव्हा माझ्यासमोर बसवला.

याचा अर्थ हौशी माणूस कमी, असे मुळीच नाही. अलेक्झांडर फोर्सिथ हा स्कॉटलंडमधला पाद्री होता. त्याला शिकारीचा छंद. त्या काळच्या बंदुकीत चाप ओढल्यावर आधी कानापाशी दारूचा भपका उडे, मग बार होई. तेवढ्यात भपका पाहून पक्षी उडून जात. या वैतागातून त्याने आघाताने पेटणाऱ्या रसायनाची युक्ती काढली आणि 1807 साली पेटंट घेतले. बंदुकीचा पुढचा सारा इतिहास त्याने बदलला. पण ती कल्पना रोज हमखास चालणारे यंत्र व्हायला त्याला पेशाचे कारागीर लागले. त्यांतला एक जेम्स पर्डी. पुढे त्याने स्वतःचे दुकान काढले आणि ते नाव आजही बंदुकीच्या जगात मानाने घेतले जाते.

तंजावरचे सरफोजी महाराज दुसरे हेही वैद्यकात हौशीच म्हणायचे. पण त्यांच्या काळातल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी, डोळ्यांच्या चित्रांसह, लिहून ठेवलेल्या आहेत. उपचाराआधी काय होते आणि नंतर काय झाले, ते मांडून ठेवणे ही पेशाची शिस्त आहे. ती राजालाही लागते. आर्मररच्या रजिस्टरात हेच असते. रायफलीचा नंबर, दोष, काय केले, तारीख आणि सही. सही केली की ते काम आपल्या नावावर. उद्या रायफल अडकली तर पहिली विचारणा आपल्याकडे.

उलट, पगार मिळतो म्हणून हात तयार होतो असेही नाही. गेज पेटीत ठेवून नुसती सही ठोकणारा माणूस मी पाहिला आहे. तो कागदावर पेशाचा होता. माझ्या शेजारच्या पोराने नवा तुकडा बसवला तेव्हा एक वही काढून तारीख, जुन्या तुकड्याची झीज आणि नव्या ट्रिगरचे ओझे लिहिले. त्या दिवशी दोघांतला तयार हात कोणाचा, हे मला ठरवावे लागले नाही.

हौशी माणसाकडे एक बंदूक असते आणि भरपूर वेळ असतो. पेशाच्या माणसाकडे शंभर रायफली असतात आणि सोमवारची सकाळ. पण कसब तपासायची जागा दोघांसाठी एकच. ज्याला आपण ओळखत नाही असा कोणी उद्या त्या दस्त्यावर गाल टेकवणार आहे. त्याने डोळे झाकून विश्वास ठेवावा असे काम झाले आहे का?

तुमच्यासाठी यातले एक काम उद्यापासूनचे आहे. फायरिंगनंतर तुम्ही रांगेत बसून रायफली साफ करता, बोल्ट काढून ओळीने ठेवता. गप्पांच्या ओघात शेजाऱ्याचा बोल्ट आपल्या रायफलीत सहज जातो, आणि बसतोही. मी वर सांगितलेला पाव मिलिमीटर तिथेच हरवतो. बोल्टवर नंबर कोरलेला असतो, तोच रायफलीवर असतो. कोतात रायफल जमा करण्याआधी दोन्ही नंबर वाचा, मोठ्याने वाचा, आणि मगच सही करा.