मिन्याची पारख

वस्तूची पारख करणे एक वेळ सोपे. ती प्रेमाने आणून देणाऱ्याच्या देखत करणे मात्र अवघड. गेल्या पावसाळ्यात आम्हांला याचा प्रत्यय आला.

आमचे वडील बडोद्यात एका सरदार घराण्याच्या मोटारीवर ड्रायव्हर होते. त्या मोटारीच्या पुढच्या जाळीवर विलायतेतील एका मोटार क्लबाचा निळ्या मिन्याचा बिल्ला होता. वडील तो रोज मऊ फडक्याने पुशीत. पुढे मोटार विकली गेली आणि बिल्लाही गेला. ही हकीकत आम्ही वर्गात अनेकदा सांगितली असेल. एका विद्यार्थ्याने ती ध्यानात ठेवली. नोकरी लागल्यावर तो पेढे घेऊन आला, वाकून नमस्कार केला आणि एक डबी पुढे ठेवून म्हणाला, "सर, तुमच्या वडिलांचा तो हा नव्हे, पण तसाच आहे. शुक्रवारच्या जुन्या बाजारात मिळाला. अस्सल आहे!"

बिल्ला हाती घेताच आमच्या मनात पाल चुकचुकली. तरी आम्ही "फार छान" एवढेच म्हणालो. त्या उत्साही चेहऱ्यापुढे दुसरे काय बोलणार? पण तो पुढे म्हणाला, "त्या माणसाकडे आणखी सहा आहेत. एक तर ब्रुकलंड्सचा! चाळीस हजार मागतो. उसने घेऊन उद्या आणणार आहे." आता गप्प राहणे म्हणजे त्याला खड्ड्यात लोटणे होते. आम्ही त्याला भिंग दिले आणि शेजारी बसवले.

वाचकांच्या घरी एनॅमलचे जुने ताट असेलच. त्याचा टवका उडतो तेव्हा कडा काचेसारखी धारदार निघते. कारण अस्सल मिना ही काचच असते. तांब्याच्या वा पितळी पत्र्यावर ठशाने खोलगट घरे उठवतात, त्यांत रंगीत काचेची पूड भरतात आणि सुमारे ८०० अंश सेल्सिअस उष्णतेच्या भट्टीत ती वितळवतात. मग दगडाने घासून काच आणि धातूच्या रेषा एका पातळीत आणतात. बोट फिरवले तर चढउतार लागत नाही. रंग पारदर्शक असेल तर खालच्या धातूची चमक वर येते. नकलेत रंग रेषांच्या खाली बसलेला असतो, किंवा सगळ्यावर राळेचा फुगीर थर असतो. तो हाताला काचेइतका गार लागत नाही आणि उन्हाने पिवळा पडतो. मूळ बिल्ल्यावरून साचा घेऊन ओतलेली नक्कल असेल, तर अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि पाठीवरील कारखान्याचे नाव पुसट उमटते.

मिना खरा निघाला म्हणजे बिल्ला जुना ठरला, असेही नाही. आजही खऱ्या मिन्याच्या नकला होतात. तेव्हा झीज पाहावी. वर्षानुवर्षे पुसलेल्या बिल्ल्याचे उंचवटे गुळगुळीत होतात आणि मळ खाचांत उरतो. मुद्दाम काळवंडवलेला बिल्ला सगळीकडे सारखाच काळा दिसतो. इंग्लंडमधील ब्रुकलंड्सचा शर्यतमार्ग १९०७ साली सुरू झाला आणि १९३९ नंतर तेथे शर्यत झाली नाही. तेथील बिल्ले थोडे आणि मागणारे फार. म्हणून त्यांच्या नकलाही उदंड.

त्याने भिंगातून आपलाच बिल्ला बराच वेळ न्याहाळला. रंग रेषांच्या खाली होता. "सर, म्हणजे हासुद्धा?" त्याने विचारले. आम्ही मान हलवली. चहा निवून गेला, तरी कोणी काही बोलले नाही. जाताना त्याने बिल्ल्याकडे हात केला. "तो राहू दे," आम्ही म्हणालो, "भिंग घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो भिंग परत द्यायला आला. पैसे शाबूत होते. बिल्ला आजही शाळेतील आमच्या टेबलावर आहे. मुले विचारतात, "सर, हा खरा आहे का?" आम्ही उत्तर देत नाही, खणातून भिंग काढून त्यांच्या हाती देतो.