मामी हौशी की प्रोफेशनल?

गाण्याच्या स्पर्धेत आपल्या माणसाला सपोर्ट करणं सोपं असतं. गाणं ऐकायचं, आवडलं की मोबाइल काढायचा आणि एसएमएस ठोकायचा. २००५ मध्ये अभिजीत सावंत ‘इंडियन आयडॉल’ झाला तेव्हा किंवा २००९ मध्ये आळंदीची कार्तिकी गायकवाड ‘लिटिल चॅम्प्स’ जिंकली तेव्हा घरोघर सगळेच कानसेन झाले होते. स्वयंपाकाच्या स्पर्धेचं गणितच वेगळं. तिथे आपल्याला ना वास येतो, ना चव कळते. परीक्षक चमचा तोंडात घालतात, डोळे मिटतात, कॅमेरा त्यांच्या भुवयांवर जातो, ढोल वाजतात... आणि ब्रेक! आपण सोफ्यावर बसून भुवया वाचत राहतो.

म्हणजे पदार्थ आपल्यापर्यंत पोचतच नाही. पोचतं ते फक्त माणूस. म्हणूनच बहुधा अशा शोमध्ये आपण पदार्थांच्या नाही, माणसांच्या मागे लागतो. हा आपल्या भागातला, ती आपल्यासारखी बोलते, तिची सासू अगदी आपल्या काकूसारखी दिसते वगैरे वगैरे.

मी जालन्याची. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण आम्हाला पाठ असते. बाहेर कुणाला सांगितली की समोरचा विचारतो, “ते सळयांचं ना?” हो, सळयांचं. बियाण्यांचं आणि मोसंबीचंही. टीव्हीवर मात्र जालना दिसतं ते २०१२-१३ च्या दुष्काळातल्या टँकरमुळे, नाहीतर २०२३ च्या सप्टेंबरात अंतरवाली सराटीतल्या आंदोलनामुळे. आमच्या ताटात काय असतं, हे विचारायला कॅमेरा येत नाही.

त्यामुळे जानेवारी २०२३ मध्ये सोनीवर ‘मास्टरशेफ इंडिया’चा सातवा सीझन सुरू झाला तेव्हा ‘आपलं’ म्हणावं असं नाव आम्ही शोधून काढलं. सुवर्णा बागुल. महाराष्ट्राची बाई, घरी स्वयंपाक करणारी, मराठी बोलणारी. बस्स! एवढं नातं आम्हाला पुरेसं होतं.

नऊ वाजले की लसूण

‘आम्ही’ म्हणजे मी, मामा, मामी आणि बारावीतला मामेभाऊ. मामांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. फ्रीलान्सरला लॅपटॉप कुठेही उघडता येतो, या एका भांडवलावर मी तीन महिने जालन्यात मुक्काम ठोकला होता. काम होतं डबे पोचवायचं. मामी डबे करतात. बेचाळीस. बदलीवर आलेले बँकवाले, एमआयडीसीतले सुपरवायझर, क्लासची मुलं. एरवी मामा स्कूटरवरून डबे द्यायचे, आता त्यांच्या जागी मी.

मामींचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होतो. सहाला मदतीला एक ताई येतात. अकराच्या आत चार पोळ्या, एक सुकी भाजी, एक पातळ भाजी, भात आणि चटणी असे बेचाळीस डबे बाहेर पडतात. गुरुवारी पोळीऐवजी भाकरी. रात्री नऊला मामी उद्याचा लसूण घेऊन टीव्हीसमोर बसायच्या. कॉमेंट्री सुरू व्हायची ती तिथून.

“एका ताटलीला एवढा वेळ? मला एवढा वेळ दिला तर मी वीस डबे भरते.”

“अन् हे चटणीचे ठिपके कामून देयलेत? कुणाला पुरायचे?”

परीक्षक गरिमा अरोरा आल्या की मामी जरा सावरून बसायच्या. त्या कोण, हे मी त्यांना सांगितलं. बँकॉकमध्ये त्यांचं ‘गा’ नावाचं रेस्टॉरंट आहे, मिशेलिन स्टार मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला शेफ. मिशेलिन म्हणजे काय? मूळची फ्रान्सची टायर कंपनी, तिची गाइडबुकं निघतात, त्यात हॉटेलांना तारे देतात. मामींनी लसणाची पाकळी हातातच धरली. “टायरवाल्याला भाजीतलं काय कळतंय?”

पण सुवर्णा बागुलांचं नाव पुकारलं की लसूण सोलणं थांबायचं. त्या सेफ झाल्या की मामी हुश्श करून पुढचा गड्डा हातात घ्यायच्या. मामांना वाटायचं, हा टाइमपास आहे. मला हळूहळू वाटायला लागलं, मामी अभ्यास करतायत. फेब्रुवारीत एका सकाळी डब्यात खिचडी होती आणि सोबत तळलेला पापड चुरून, छोट्या पुडीत वेगळा. विचारलं तर म्हणाल्या, “क्रंच नको का?”

पेशा : ?

मामेभावाने एका रविवारी जाहीर केलं की पुढच्या सीझनला मामींचं नाव द्यायचं. ऑडिशनला जायचं तर आधी ओळख तयार पाहिजे, म्हणून त्याने डब्यांच्या हिशेबाच्या वहीचं मागचं पान उघडलं. नाव लिहिलं. वय लिहिलं. मग लिहिलं, ‘पेशा’.

“गृहिणी,” मामा कॉटवरून म्हणाले.

मामी काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, “मंग डबे कोण भरतंय?”

“बरं, मग बिझनेस लिही,” मामा म्हणाले.

इथे मला बोलावंच लागलं. मास्टरशेफ ही हौशी लोकांची स्पर्धा. प्रोफेशनल शेफसाठी ती नाही. तिचा सगळा फंडाच हा आहे की घरात रांधणारा माणूस स्पर्धेत उतरतो आणि शेफ होऊन बाहेर पडतो. २०१० मध्ये पहिल्या सीझनला उतरल्या तेव्हा लखनौच्या पंकज भदौरिया शाळेत शिकवत होत्या. जिंकल्या आणि आयुष्यच बदललं. मग रोज बेचाळीस माणसांना पैसे घेऊन जेवू घालणाऱ्या मामी नक्की कोण? हौशी की प्रोफेशनल?

गृहिणी लिहिलं तर बेचाळीस डबे गायब होतात. प्रोफेशनल लिहिलं तर स्पर्धेच्या दारातच कुणी अडवायचं. त्या पानावरची ती जागा कोरीच राहिली.

माझ्या डोक्यातून मात्र ती जाईना. आपल्या ऑफिसांमध्ये प्रत्येकाला डेझिग्नेशन असतं. ज्याला नसतं, तो ते मागून घेतो. इथे एक बाई करोनाच्या आधीपासून धंदा चालवते, गिऱ्हाइकं सांभाळते, मदतनीस ठेवते, आणि तिला काय म्हणायचं हे तिच्या घरातच कुणाला ठाऊक नाही.

सिग्नेचर म्हणजे सही?

पुढचा रकाना होता ‘सिग्नेचर डिश’. मामी म्हणाल्या, “सिग्नेचर म्हणजे सही ना? माझी सही बँकेतबी जुळत नाही.” सगळे हसलो. मग मामेभाऊ म्हणाला येसराची आमटी लिहू, मामा म्हणाले धपाटे. मामींनी बराच विचार केला आणि म्हणाल्या, “भाकरी.”

आम्ही तिघंही गप्प. टीव्हीवर भाकरी? तिचे ठिपके कुठे देणार?

पण भाकरी हा खरंच टेक्निकल मामला आहे हो! गव्हाच्या पिठात ग्लुटेन असतं, ते कणकेला धरून ठेवतं. ज्वारीत ते नसतंच. म्हणून ज्वारीची पोळी लाटायला जाल तर तुकडे पडतात. मामी उकळतं पाणी पिठात ओततात, पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि तोच काय तो आधार. मग तळहाताने रगडून रगडून मळायचं, एका वेळी एकाच भाकरीचं. काठवटीत पीठ भुरभुरून थापायचं, ते असं की भाकरी हाताखाली आपोआप गोल फिरली पाहिजे. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवायचा. पाणी सुकायच्या आत उलटायची. उशीर झाला की तडे. शेवटी थेट आचेवर. सगळं जमलं असेल तर पापुद्रा सुटतो आणि टम्म फुगते. ना वजनकाटा, ना टायमर.

आणि तिचं खरं आयुष्य किती? तव्यावरून ताटात येईपर्यंत. गार झाली की वातड होते. म्हणून गुरुवारी मामी भाकऱ्या सगळ्यात शेवटी करतात, फडक्यात गुंडाळतात आणि मला स्कूटी चालू ठेवून दारात उभी करतात. स्पर्धेत घड्याळ उलटं मोजलं जातं तेव्हा आपली धडधड वाढते ना? आमच्या दारात दर गुरुवारी तेच व्हायचं, फक्त ढोल नसायचे.

हा पदार्थ टीव्हीवर दिसायला साधा, चाखायला परीक्षकांनी पळत यावं असा. प्लेटिंगला शून्य मार्क. मामींना हे माहीत नव्हतं असं नाही. तरी त्यांनी सही त्याच्यावरच केली.

तिनसुकिया जिंकतं तेव्हा

३१ मार्च २०२३ ला फायनल झाली. शेवटच्या तिघांत दोघं आसामचे आणि तिसऱ्या आमच्या सुवर्णाताई. जिंकला तिनसुकियाचा नयनज्योती सैकिया, पंचवीस लाखांचा चेक घेऊन. सांता शर्मा दुसऱ्या, सुवर्णा बागुल तिसऱ्या. मामेभाऊ खट्टू झाला. मामींनी आधी विचारलं, “तिनसुकिया कुठं आलं?”

मी मोबाइलवर नकाशा दाखवला. पार ईशान्येच्या टोकाला. मामी बराच वेळ बघत राहिल्या. “म्हणजे आपल्यापेक्षा लांब,” एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी, महिन्याच्या पहिल्या तारखेला, त्या हिशेबाची वही घेऊन बसल्या. वहीत सगळं नीट असायचं. गॅस, किराणा, भाजी, मदतनीस ताईंचा पगार, स्कूटरचं पेट्रोल. उरेल तो फायदा. तो घरात जायचा. मामींनी मदतनिसाच्या ओळीखाली एक नवी ओळ लिहिली, ‘स्वयंपाक – माझा – ८,०००’.

मामांनी वही हातात घेतली. बेरीज पुन्हा केली. “मग उरत काहीच नाही गं.”

“इतके दिवस उरत होतं ते काय होतं मंग?”

मामा गप्प झाले. मी तर लॅपटॉपमध्ये डोकं खुपसून ऐकत होते. अख्ख्या सीझनमध्ये एवढं टेन्शन मला आलं नव्हतं. भांडण झालं नाही. मामांनी वही परत दिली आणि संध्याकाळपर्यंत कुणी तो विषय काढला नाही. रात्री जेवताना तेच म्हणाले, “मग रेट वाढवावा लागेल.”

२०१९ पासून डबा महिना सोळाशेला होता. तो एकोणीसशे झाला. गिऱ्हाइकांना सांगायचं काम माझ्याकडे आलं, कारण मामींना संकोच वाटत होता. आठ हजार लिहायला वाटला नाही, मागायला वाटला! क्लासच्या मुलांना त्यांनी जुन्याच रेटवर ठेवलं. तिघांनी डबा बंद केला. बँकेतले एक साहेब म्हणाले, “अहो, मी वाटच बघत होतो. एवढ्यात परवडतं कसं, हेच कळत नव्हतं.” मनात आलं, साहेब, वाट बघत होता तर आधीच द्यायचे ना! पण मी नुसतं हसले आणि डबा दिला.

ऑडिशनचं काय झालं? काही नाही. मामेभाऊ परीक्षेत अडकला. मामांचा गुडघा सुधारला, ते स्कूटरवर परतले आणि मी पुण्याला. पुण्यात माझाही डबा येतो. तो कोण करतं हे मी पहिल्यांदा त्या एप्रिलमध्ये डबेवाल्या काकांना विचारलं. “आमच्या घरी,” ते म्हणाले. घरी म्हणजे कोण, हे पुन्हा विचारावं लागलं.

२०२५ च्या एप्रिलमध्ये मामींचा फोन आला. सेलिब्रिटी मास्टरशेफ संपलं होतं. गौरव खन्ना जिंकला आणि निक्की तांबोळी दुसरी आली होती, म्हणजे औरंगाबादची, आताच्या छत्रपती संभाजीनगरची. आमच्यापासून साठ किलोमीटर. १९८१ पर्यंत तर जालना त्याच जिल्ह्यात होतं. त्यामुळे मामींच्या हिशेबाने ती घरचीच.

“इतक्या जवळ आलं बघ,” मामी म्हणाल्या. “आता जालन्याचाच नंबर.”

“मग तुम्ही भरा ना फॉर्म. पेशा काय लिहायचा ते आता माहितीये.”

“डबे एक्कावन्न झालेत. जायचं कसं?” मग जरा थांबून म्हणाल्या, “पगाराचं झालं. आता रजेचं बघते.”