हातांची ऊब

अमेरिकेच्या उत्तर सीमेवर मिनेसोटा नावाचे राज्य आहे. दहा हजार तळ्यांचा प्रदेश अशी त्याची ख्याती. हिवाळा पुरता बसला की ही तळी गोठून जातात, आणि जानेवारीत तर त्यांतल्या कित्येकांवरून मोटारीही धावतात. चार इंच जाडीचा नवा, निखळ बर्फ माणसाचा भार सोसतो, असा तिकडचा ठोकताळा आहे.

अशाच एका तळ्यावर, जानेवारीतल्या एका सकाळी, एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांचा बारा वर्षांचा नातू उभे होते. पारा शून्याखाली बारा अंशांवर होता. पाखरे केव्हाच दक्षिणेकडे निघून गेली होती. त्या पांढऱ्या, निःशब्द विस्तारावर एकच रंगीत वस्तू होती. ती म्हणजे त्या दोघांच्या पायांशी ठेवलेले तांबडे विमान. पंखांचा विस्तार जेमतेम पाच फूट, आणि चाकांच्या जागी बर्फावरून घसरणाऱ्या दोन चपट्या पट्ट्या. हे विमान जमिनीवर उभे राहून, बिनतारी संदेशाने उडवायचे असते.

एवढ्या थंडीत हा उपद्व्याप कशासाठी, असे कोणालाही वाटेल. परंतु विमानाला थंडी मानवते. हवा गार झाली की ती दाट होते. उन्हाळ्यातल्या बत्तीस अंशांच्या हवेपेक्षा त्या सकाळची हवा सुमारे सहाव्या हिश्श्याने अधिक दाट होती. दाट हवा पंखांना चांगला आधार देते. शिवाय गोठलेल्या तळ्याइतकी सपाट आणि ऐसपैस धावपट्टी कोणत्या शहाण्याला मिळणार? तिकडचे अनेक हौशी लोक तर १ जानेवारीला मुद्दाम मैदानावर जमतात आणि नव्या वर्षाचे पहिले उड्डाण करतात. अडचण विमानाची नसते. अडचण असते ती हातांची.

विमान चालवणाऱ्याच्या हातात ट्रान्समीटरची, म्हणजे संदेश धाडणारी, पेटी असते. तिच्यावर बोटभर उंचीच्या दोन दांड्या. बहुतेक लोकांच्या पेटीत डावी दांडी वेग आणि शेपटीचे सुकाणू सांभाळते. उजवी विमानाचे नाक वर-खाली करते आणि पंख कलवते. दांडी गव्हाच्या दाण्याइतकी सरकली तरी विमान आपली चाल बदलते. हे काम डोळ्यांनी होत नाही, कारण डोळे आकाशात गुंतलेले असतात. ते अंगठ्याच्या स्पर्शानेच करावे लागते. जाड हातमोजा घातला तर हा स्पर्श हरवतो, आणि हात उघडा ठेवला तर थंडी तो हिरावून नेते.

थंडीपुढे शरीराचे वर्तन काटकसरी गृहिणीसारखे असते. घरात धान्य कमी पडू लागले की ती आधी पाहुण्यांचे पान आवरते. मुलांच्या ताटाला हात लावीत नाही. शरीरही हृदय, मेंदू, फुप्फुसे यांची ऊब राखण्यासाठी बोटांतल्या रक्तवाहिन्या आवळून घेते. बोटांना शेक मिळाला तरी छाती आणि डोके उघडे असतील तर तो शेक फुकट जातो. म्हणून हात उबदार राहावेत असे वाटणाऱ्याने आधी कानटोपी घालावी. आणखी एक मौज अशी की, बोटे हलवणारे मुख्य स्नायू बोटांत नसतातच. ते असतात कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात. बोटे म्हणजे दोरीने हलणाऱ्या कळसूत्री बाहुल्या. सूत्रधारच गारठला तर बाहुल्या काय नाचणार?

आजोबांनी हे ज्ञान पुस्तकातून मिळवले नव्हते. दोन वर्षांपूर्वी, याच तळ्यावर, त्यांचे एक विमान कोसळले होते. एका पूर्ण हिवाळ्याच्या रात्री खर्चून त्यांनी ते बाल्सा लाकडाचे घडवले होते. उतरताना नाक उचलण्यासाठी त्यांनी उजवी दांडी ओढली; निदान त्यांना तसे वाटले. प्रत्यक्षात अंगठा हललाच नव्हता. बधिर बोट आपल्या धन्याशी खोटे बोलते, ते असे. त्याच महिन्यात डॉक्टरांनी त्यांच्या पांढऱ्याफटक पडणाऱ्या बोटांना नाव दिले. थंडीने बोटांतले रक्त एकाएकी आटावे, असा हा विकार. मोरिस रेनो या फ्रेंच डॉक्टरांनी १८६२ साली त्याचे वर्णन केले, म्हणून त्यांचेच नाव त्याला मिळाले. "हिवाळ्यात हा छंद सोडलेला बरा," असे डॉक्टर म्हणाले. आजोबांनी मान डोलावली आणि घरी येऊन आजींच्या जुन्या गोधडीची घडी उलगडली.

त्या गोधडीतून जी पिशवी तयार झाली, ती मोठी झकास होती. पेटी आत बसावी, दोन्ही बाजूंच्या बाह्यांतून हात आत जावेत आणि वरच्या पारदर्शक खिडकीतून दांड्या दिसाव्यात, अशी तिची रचना होती. आत त्यांनी लोखंडाच्या भुकटीच्या दोन पुड्या ठेवल्या. या पुड्यांत लोखंडाबरोबर मीठ, कोळसा आणि थोडे पाणी असते. वेष्टण फोडले की हवा लागते, लोखंड भराभर गंजू लागते आणि त्या गंजण्याची उष्णता काही तास पुरते. (जपानात १९२३ सालापासून खिशातली एक धातूची शेगडीही मिळते, तिच्यात बेन्झिनची वाफ प्लॅटिनमच्या संपर्काने, ज्योत न पेटता, ऊब देते. आजोबांना मात्र गंजाचा हा सदुपयोग फार आवडे.) दांड्यांची टोके धातूची, म्हणून त्यांवर रबरी नळीचे तुकडे चढवले. मनगटांसाठी जुन्या लोकरी पायमोज्यांचे पट्टे कापले.

अशा खटपटीला कोणी हसू नये. १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकजवळच्या वाळूवर डबकी गोठली होती, आणि राइट बंधूंना काम करता करता पुनःपुन्हा खोपटात जाऊन हात शेकावे लागत होते. कार्बाइडच्या मोठ्या डब्याची शेगडी त्यांनी तिथे पेटवली होती. मनुष्याचे पहिले विमान आकाशात बारा सेकंद राहिले, त्यात त्या डब्याचाही थोडा वाटा आहे.

पिशवी मात्र एकच होती, आणि त्या सकाळी तिच्यावरून वाद झाला. नातू शिकाऊ होता. त्याच्या हातात एक पेटी, आजोबांच्या हातात दुसरी, आणि दोहोंना जोडणारी एक तार. आजोबांनी एक कळ दाबून धरली की विमान नातवाचे; कळ सोडली की ते पुन्हा आजोबांचे.

"पिशवी तू घे. उडवायचे तर तुलाच आहे," आजोबा म्हणाले.

"नको, आजोबा. तुमची बोटे पांढरी पडतात. माझ्याकडे टोके कापलेले हातमोजे आहेत ना!"

नातवाने कोटाच्या आतल्या खिशातून बॅटरी काढली. गारठ्यात बॅटरीचाही जोर ओसरतो, म्हणून ती छातीशी धरून आणली होती. तांबडे विमान बर्फावरून घसरत गेले आणि अलगद वर उठले.

पाच मिनिटे सारे सुरळीत चालले. मग वारा सुटला. नातू काही बोलला नाही. परंतु विमान बोलू लागले. त्याची वळणे आधी रुंद झाली, मग अडखळती. डावा पंख झुकला तो झुकलाच. मुलाचे ओठ घट्ट मिटलेले होते. आजोबांनी त्याच्या तोंडाकडे पाहिले नाही, विमानाकडेच पाहिले, आणि कळ सोडली. गोधडीतली ऊबदार बोटे दांड्यांवर फिरली; पंख सरळ झाले.

"आजोबा, मी दांडी हलवली होती," नातू रडवेल्या आवाजात म्हणाला.

"माहीत आहे. मलाही तसेच वाटले होते. पेटी गळ्यात राहू दे. हात माझ्या कोटात घाल, काखेपर्यंत."

आजोबा विमानाला उंचावर घिरट्या घालीत राहिले. बॅटरीचा वेळ सरत होता. बोटांत रक्त परतू लागले तशा मुलाला झिणझिण्या आल्या, मग कळा. डोळ्यांत पाणी उभे राहिले. "दुखते आहे," तो म्हणाला.

"छान! म्हणजे जागी झाली. आता एक एक बोट अंगठ्याला लावून दाखव."

त्याने दहाही बोटे हलवून दाखवली. पेटीवरचा गजर वाजू लागला होता. फार तर एक फेरी उरली होती. आजोबांनी विमान वाऱ्याच्या तोंडी वळवले, नाक किंचित खाली केले, आणि कळ पुन्हा दाबली.

"तुझे," ते म्हणाले.

तांबडे विमान खाली आले, एकदा उसळले, पुन्हा टेकले आणि बर्फावर दोन लांब रेघा ओढीत थांबले. नातू धावत सुटला. आजोबा मात्र काही क्षण तसेच उभे राहिले; त्यांचे दोन्ही हात अजून गोधडीच्या पिशवीतच होते.