आडात नाही ते पोहऱ्यात

‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?’ ही म्हण शिकवताना पूर्वीच्या मास्तरांना फारसे कष्ट पडत नसावेत. मुलांनी पोहरा हाताळलेला असे, आडात वाकून स्वतःचे नाव पुकारलेले असे. मास्तरांनी तोंड उघडण्याआधीच अर्थ त्यांच्या ध्यानात येई. मला आता अर्थ सांगावा लागत नाही, शब्द सांगावे लागतात. पाचोऱ्यातल्या माझ्या वर्गातल्या पोरांना नळ ठाऊक आहे, गच्चीवरची काळी टाकी ठाऊक आहे, बोअर ठाऊक आहे. गिरणेला आवर्तन केव्हा सुटणार याची चर्चा ती घरच्या मोठ्या माणसांच्या सुरात करतात. पण वाड्याच्या मागल्या अंगणातला अरुंद तोंडाचा तो आड, मोट चाले ती मळ्यातली विहीर आणि जिच्या पाण्यापर्यंत पायऱ्या उतरून जाता येते ती बारव, हा भेद मला फळ्यावर आकृत्या काढून दाखवावा लागतो.

भेद तसा साधाच. आडात दोर उतरतो आणि बारवेत माणूस उतरतो. पण या एवढ्याशा फरकावर किती माणसांचे पाय अवलंबून होते, हे मला माझ्या आजीच्या घोट्याने शिकवले.

तिच्या डाव्या घोट्यावर जुन्या रुपयाएवढा एक व्रण होता. तो नारूचा. ‘सुताचा दोरा निघावा तसा निघे बाबा,’ ती सांगे, ‘रोज थोडा थोडा काडीवर गुंडाळायचा. तुटला की मेलं माणूस.’ नारूचा किडा दोनतीन फूट लांब होई. पाण्यात सायक्लॉप्स नावाचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा एक जीव असतो. त्याच्या पोटातून नारूची अळी माणसाच्या पोटात जाई, वर्षभर तिथे वाढे आणि मग बहुधा पायाची कातडी फोडून बाहेर येई. पायाची आग होई म्हणून माणूस बारवेच्या पायऱ्या उतरून पाय पाण्यात सोडी. तेवढ्यात किडा आपल्या हजारो अळ्या पाण्यात सोडून मोकळा होई. त्याच पायरीवर दुसरी कोणी सासुरवाशीण घागर बुडवीत असे. ज्याने त्या गार पायऱ्या बांधल्या त्याने पुण्यच जोडले होते, यात शंका नाही. पण रोगालाही त्याच पायऱ्यांची वाट सापडली होती.

या रोगावर ना लस निघाली, ना औषध. तरी तो गेला. १९८३-८४ च्या सुमारास देशभर त्याच्याविरुद्ध मोहीम उघडली गेली. महाराष्ट्रही तेव्हा नारूच्या मुलखात मोडत होता. बारवांच्या पायऱ्या बंद करून वर कठडे बांधले, हातपंप बसवले, सायक्लॉप्स मारणारे औषध पाण्यात टाकले आणि पाणी दुहेरी फडक्यातून गाळून प्या, म्हणून घरोघर सांगितले. देशातला शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात नोंदला गेला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले. सरकारने विहिरीला हात लावला आणि माणसाचे भले झाले, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे मला तरी माहीत नाही.

गंमत अशी, की आजोळच्या बारवेच्या पायऱ्या बुजल्या तेव्हा सगळ्यांत मोठ्याने भांडली ती आजीच. नारूचा व्रण पायावर वागवणारी बाई नारूच्या शत्रूंशी भांडत होती! तिचे म्हणणे, बारवेत साती आसरा राहतात. तोंड बुजवले तर त्यांनी कोठे जायचे? बाळंतिणीने सव्वा महिन्याने हळदकुंकू कोठे वाहायचे? गवंड्याने काही उत्तर दिले नाही. कठडा बांधून झाला. महिनाभराने पाहावे तो कठड्याच्या आतल्या अंगाला हळदीकुंकवाची सात बोटे ओढलेली! आसरांनी सरकारचा हुकूम मानून एक पुरुष वर बिऱ्हाड हलवले होते.

ही भांडणे आमच्या खेड्यातलीच होती असे नाही. मुंबईसारख्या शहरातही ती झाली. १९११ साली डॉक्टर बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापाचा अहवाल दिला आणि हिवताप पसरवणारा डास शहरातल्या विहिरींत वाढतो, हे दाखवून दिले. महापालिकेने विहिरी बुजवण्याचे किंवा झाकण्याचे फर्मान काढले आणि हिंदू काय, पारशी काय, घराघरांतून ओरड उठली. विहिरीत पवित्र आत्म्यांचा वास आहे, पूजेच्या पाण्याला सूर्याचा किरण लागला पाहिजे, अशी ती गाऱ्हाणी. मग तोंड झाकून त्यात जाळीचे दार ठेवण्यासारख्या तडजोडी झाल्या, म्हणजे डासाला बंदी आणि किरणाला वाट. पालिकेत अधिकारी असलेले रुस्तम मसानी ही गाऱ्हाणी ऐकता ऐकता विहिरींच्या दैवतकथा गोळा करू लागले आणि १९१८ साली त्यांनी त्यावर इंग्रजीत एक ग्रंथच लिहिला. गाऱ्हाण्यांच्या ढिगातून ग्रंथ उपसणारा अधिकारी विरळाच म्हणायचा.

पण श्रद्धेचे भांडण जाळीच्या दाराने मिटते. विहिरीच्या तोंडाशी आणखी एक भांडण होते आणि ते इतक्या स्वस्तात मिटणारे नव्हते. ते म्हणजे, पाण्याला हात कोणी लावायचा? जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १९२३ साली सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे सर्वांना मोकळे झाले. म्हणजे कागदावर झाले. महाडच्या नगरपालिकेने त्याला अनुसरून १९२४ साली चवदार तळे खुले केले, तेही कागदावर. त्या पाण्याला हात लावायला २० मार्च १९२७ चा दिवस उजाडावा लागला. बाबासाहेब आंबेडकरांनी तळ्याची ओंजळ ओठाला लावली आणि त्यांच्यामागून हजारोंनी. नंतर सनातन्यांनी पंचगव्याच्या घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ करून घेतले. प्रकरण न्यायालयात गेले आणि १९३७ साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. ठरावापासून निकालापर्यंत १४ वर्षे! एवढ्या काळात मूल बिगरीतून व्हर्नाक्युलर फायनलपर्यंत पोहोचून वर नोकरीलाही लागे.

त्या पंचगव्याची आठवण मला शाळेत हमखास येते. ‘शुद्ध’ हा एकच शब्द आपण दोन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरतो. ज्या पाण्यात शेण कालवले ते एका अर्थाने शुद्ध झाले; आणि ज्या पाण्यात ग्रामपंचायतीचा शिपाई टीसीएल पावडर टाकतो ते दुसऱ्या अर्थाने. गंमत म्हणजे दुसरे पाणी लोकांना अजून बाटल्यासारखे वाटते. ‘वास येतो’ म्हणून ओतून देणारी घरे मी पाहिली आहेत. पावडर बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी विहिरीत सोडायची, अर्धा तास थांबायचे आणि मग ओटी चाचणीत पाणी पिवळे दिसते का ते पाहायचे, असा हा दुसऱ्या शुद्धीचा विधी. यात मंत्र नाही, पण गणित आहे. विहिरीचा व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर असेल तर पाणी सुमारे २८ हजार लिटर. हजार लिटरला चांगल्या पावडरीचे अडीच ग्रॅम धरले तर ७० ग्रॅम पावडर. वृत्तचितीचे घनफळ मुलांच्या डोक्यात शिरत नव्हते, ते या हिशेबाने शिरले. आरोग्य खाते वर्षातून दोनदा गावच्या पाण्याची पाहणी करून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देते. कार्ड लाल आले की गावाला निदान लाज वाटते. आणि लाज हेही कायद्याचे एक अंग आहेच.

आतापर्यंत सांगितलेले सगळे हुकूम विहिरीच्या तोंडाशी चालणारे होते. तोंड झाकणे, कठडा बांधणे, हात कोणाचा ते ठरवणे, वरून पावडर सोडणे. हे सारे उशिरा का होईना साधले. साधलेले नाही ते विहिरीच्या पोटातले.

इंग्रजांनी १८८२ साली सुविधाधिकाराचा कायदा केला. त्याचा एक दाखला असा, की जमिनीखालचे जे पाणी ठरीव प्रवाहातून वाहत नाही ते आपल्या हद्दीत उपसण्याचा आणि हवे तसे वापरण्याचा जमीनमालकाला हक्क आहे. वाचताना किती सरळ वाटते! पण आमच्याकडे काळ्या मातीखाली मुरूम आणि मुरमाखाली काळा खडक. पाणी असते ते खडकाच्या भेगांत. त्या भेगा बांधावर येऊन थांबत नाहीत. सातबाऱ्यावर जमिनीला गट नंबर असतो, पाण्याला नसतो. तिकडे तापीकाठी, रावेर-यावलकडे गाळाचा थर खोल, म्हणून केळीही भरदार. पण तिथेही बोअर एकमेकांच्या पुढे जाण्याच्या शर्यतीत खाली खाली गेले आणि पाणीही त्यांच्यापुढे खाली पळाले.

१९९३ साली महाराष्ट्राने या हक्काला पहिला लगाम घातला. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरांच्या आत परवानगीवाचून नवी विहीर खोदायची नाही, असा तो कायदा. तो अमलात असतानाच आजोळी एका बागाईतदाराने गावआडापासून दीडशे पावलांवर बोअर मारला. माणूस वाईट नव्हता. गावातल्या लग्नात पहिला हात त्याचा, अडल्यानडल्याला बैलजोडी त्याची. त्याची मोसंबी वाळत होती आणि मुलीचे लग्न ठरले होते. कायदा गावात कोणालाच ठाऊक नव्हता असेही नाही. माझ्या मामांना ठाऊक होता. पण अर्ज करायचा कोणी? ‘एका पंगतीत जेवतो आपण,’ मामा म्हणाले. ५०० मीटर मोजायला टेप लागते. शेजाऱ्याविरुद्ध टेप धरायला काय लागते, ते कायद्यात लिहिलेले नसते.

दुसऱ्या वर्षी होळीलाच आड आटला. मग टँकर सुरू झाला. टँकर येई, आडावर उभा राही आणि आपले पाणी आडात ओती. मग बायका त्यात पोहरे सोडून तेच पाणी पुन्हा वर ओढीत. आडात नसलेले पोहऱ्यात येऊ लागले! पुढे टँकरही परवडेना, तेव्हा कचेरीने टंचाईपोटी जवळचा बोअर अधिग्रहित केला. तो बोअर त्याच बागाईतदाराचा. दीडशे पावलांची रबरी नळी आडात सोडली आणि पाण्याचा मोबदला मालकाच्या नावे मंजूर झाला. आजी तेव्हा ऐंशीच्या घरात होती. कठड्याला टेकून ती नळीकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘आपलंच पानी. आपल्याच आडातून गेलं, आन् भाडं देऊन परत आलं.’ मोबदला घ्यायला त्या गृहस्थाला संकोच वाटला होता, असे मामा सांगतात. मला ते खरे वाटते. पण त्या उन्हाळ्यात माझ्या मामेबहिणीची दहावी नळीच्या वेळा सांभाळण्यात गेली आणि परीक्षा राहिली ती राहिलीच.

त्यानंतर २००९ सालचा भूजल अधिनियम १ जून २०१४ पासून अमलात आला. तो पहिल्याहून शहाणा आहे. विहिरींची नोंदणी, खोदयंत्राच्या मालकांची नोंदणी, पाणलोटाच्या पातळीवर समिती, एवढे सगळे त्याने पाहिले. ६० मीटरांहून खोल विहिरींवर त्याने खास नजर ठेवली. साठ मीटर म्हणजे सुमारे दोनशे फूट; आमच्याकडे बोअरची गोष्ट सुरूच होते तीनशे फुटांपासून. रात्री यंत्राची गाडी येते, पहाटेपर्यंत धुरळा उडतो आणि सकाळी सहा इंच तोंडाचे एक भोक उरते. त्याच्यावर बादली उपडी घातली की ते दिसतही नाही. आडाच्या तोंडाशी उभे राहून कायदा आत वाकून पाहू शकत होता; या भोकात पाहायचे तरी कसे?

तरी अगदीच उपाय नाही असे नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निवडक विहिरींतल्या पाण्याची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. ते पाहून मी मुलांकडून शाळेजवळच्या एका जुन्या विहिरीत गाठी मारलेला दोर सोडवून घेऊ लागलो. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मापे घ्यायची आणि शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर खडूने लिहायची, एवढाच उद्योग. पहिले वर्षभर ते आकडे फक्त पावसाने वाचले आणि पुसले. मग ऑइलपेंट आणला. आता दसऱ्याच्या सुमारास, हरभरा पेरावा की गहू या विचारात असलेले दोनचार शेतकरी सायकल टेकवून भिंतीपाशी थांबतात, गेल्या वर्षीचा आकडा बोटाने शोधतात, आपसात काही बोलतात आणि जातात. कोणी काही कबूल करीत नाही. पण जे पाणी आजवर ज्याच्या त्याच्या गट नंबराखाली होते, ते निदान त्या भिंतीवर सर्वांचे म्हणून दिसते. आजोळच्या चावडीवर असा एक आकडा लिहिलेला असता, तर मामांना अर्ज करावा लागला नसता. आकड्यानेच तो केला असता.

मागच्या महिन्यात एका मुलीने दोर गुंडाळता गुंडाळता विचारले, ‘गुरुजी, आमच्या वावरातल्या बोअरमध्ये हा दोर जाईल का?’

मी म्हटले, ‘दोर जाईल, पण झाकण तुझ्या बाबांनी काढायला हवे.’

पुढच्या सोमवारी विचारून येते, म्हणाली.