बोटहाऊसपासून पाण्यापर्यंत

आमच्या बोटहाऊसपासून पाण्यापर्यंतचं अंतर दर महिन्याला बदलतं. राजस्थानात पाऊस मुख्यतः जुलै ते सप्टेंबर या काळात पडतो. सप्टेंबरअखेरीस तलाव भरलेला असतो, तेव्हा दार उघडून चाळीस पावलं चाललं की पाणी. मग ते हळूहळू मागे सरकतं. डिसेंबरात दगडी उतार उघडा पडतो, फेब्रुवारीत त्याच्या पुढचा भेगाळलेला गाळ दिसू लागतो आणि एप्रिलमध्ये कयाक घेऊन जवळजवळ चारशे मीटर जावं लागतं. परत येताना तेच चारशे मीटर, पण चढ.

वार्षिक दिनाला पालकांना आमच्या कयाक पाण्यावर दिसतात. जमिनीवर त्या कशा वागतात हे फक्त आम्हाला ठाऊक! आंतरराष्ट्रीय स्प्रिंट शर्यतीतली एकेरी कयाक ५.२० मीटरपर्यंत लांब असते आणि तिचं वजन किमान १२ किलो असावं लागतं. तशी बोट एकटा माणूस खांद्यावर टाकून चालू लागतो. आमच्या शिकाऊ कयाक जाड प्लॅस्टिकच्या, ३.६ मीटर लांब आणि २८ किलो वजनाच्या. दगडांतून ओढत नेल्या तर तळ खरवडून निघतो. म्हणून दोघांनी दोन टोकं धरायची, मध्ये तीन वेळा टेकायची. नव्वद मिनिटांच्या सरावातली चाळीस मिनिटं या ने-आणीतच जायची.

याचा खरा फटका आठवीच्या कॅडेट्सना बसायचा. आधी सीनियरच्या बोटी पाण्यापर्यंत पोचवायच्या, मग स्वतःच्या आणायच्या. त्या येईपर्यंत परतीची शिट्टी वाजायची. गेल्या वर्षी फेब्रुवारीनंतर आठवीतलं कोणीही पाण्यात उतरलं नाही. त्यांची नावं यादीत होती, हजेरी लागत होती, पण वल्हं हातात येत नव्हतं. मीही आठवीत असताना तेच केलं होतं. ‘आम्ही उचलल्या, आता तुम्ही उचला’ असं म्हणणं सोपं होतं. पण त्यातून पोहणारे, वल्हवणारे तयार होत नाहीत, फक्त हमाल तयार होतात.

या वर्षी बोटहाऊसची किल्ली माझ्याकडे आली आणि गाडी निवडायचं कामही. सरांनी एकच अट घातली: आठवीतल्या सर्वांत लहान कॅडेटला आपली बोट एकट्याने पाण्यापर्यंत नेता आली पाहिजे आणि दमल्यावर एकट्याने परत आणता आली पाहिजे. म्हणून आम्ही सगळ्या चाचण्या सराव संपल्यावर, चढाच्या दिशेने घेतल्या. ताज्या दमाने उतारावर ओढली तर कोणतीही गाडी चांगलीच वाटते.

पहिली गाडी एका क्लबकडून मागून आणली होती. ॲल्युमिनियमची, घडी होणारी, दिसायला देखणी. चाकं टणक प्लॅस्टिकची, २५ सेंटिमीटर व्यासाची. मुरमाच्या रस्त्यावर ती सुरेख धावली, दगड लागले की जागच्या जागी अडू लागली. कारण अकरावीच्या भौतिकशास्त्रातच आहे. समजा, दोन्ही चाकं ५ सेंटिमीटर उंच दगडाला एकदम टेकली आणि आपण आडवं ओढतो आहोत. २५ सेंटिमीटरचं चाक वर चढवायला त्यावरच्या भाराच्या सुमारे १.३३ पट जोर लागतो. तेच चाक ४० सेंटिमीटरचं असेल तर ०.८८ पट पुरतो. दगड तोच, बोट तीच, पण जोर एक तृतीयांशाने कमी. शिवाय हवेचं टायर लहान खडा पोटात घेतं, टणक चाक प्रत्येक खड्यावर उडी मारतं.

दुसऱ्या गाडीला फुग्यासारखी जाड, अगदी कमी हवेची चाकं होती. अशी चाकं समुद्रकिनाऱ्यावरच्या वाळूसाठी असतात आणि तिथे त्यांना तोड नाही. आमच्या गाळावरही ती छान तरंगत गेली. पण इथे वाटेवर वेड्या बाभळीचे काटे आणि सराटे पसरलेले असतात. तिसऱ्या दिवशी एक चाक बसलं. त्यात वेगळी ट्यूब नव्हती, त्यामुळे गावातल्या सायकलवाल्याने हात जोडले.

तेव्हा आम्ही शाळेच्या वर्कशॉपकडे वळलो. तिथल्या दादांनी लोखंडी पाइपची चौकट जोडली. ४.००-८ मापाची चाकं बसवली. हे माप ऑटोरिक्षाच्या टायरचं, उंची साधारण ४० सेंटिमीटर. यालाही काटा लागतोच. पण ट्यूब काढून ठिगळ लावायला आमच्यातल्या कोणालाही वीस मिनिटं पुरतात आणि नवी ट्यूब कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळते. दोन्ही चाकांमध्ये ६० सेंटिमीटर अंतर ठेवलं, म्हणजे तिरक्या उतारावर गाडी कलंडत नाही. सगळे बोल्ट आठ मिलिमीटरचे घेतले, त्यामुळे १३ नंबरचा एकच पाना पुरतो. तो पाना गाडीलाच दोरीने बांधला आहे. हादऱ्यांनी नट सैल होतात, म्हणून नायलॉक नट वापरले. बोट टेकते तिथे जाड फोम लावला. बांधायला दोन पट्टे, तेही हाताने आवळायचे. रॅचेटचा पट्टा गरजेपेक्षा जास्त आवळला जातो आणि एप्रिलच्या उन्हात मऊ पडलेल्या प्लॅस्टिकच्या बोटीला खड्डा पडतो.

राहिला प्रश्न बोट गाडीवर कुठे ठेवायची याचा. त्यासाठी मी रविवारी आबांना फोन लावला. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी त्यांनी चाळीस वर्षं बैलगाडी हाकली आहे. कयाक म्हणजे काय हे समजावण्यात निम्मा वेळ गेला. मग ते म्हणाले, “आरं, बोट असू दे न्हाईतर कडबा. उलाळ गाडी बैलाच्या गळ्याला फास लावती आन् धुरजड गाडी त्येचा खांदा मोडती. धुरंवर वजन ठेव, पण बेतानं.”

ते मी वहीत मांडून पाहिलं. गाडी अगदी मागच्या टोकाजवळ लावली तर पुढचं टोक धरणाऱ्याच्या हातावर साडेतेरा किलो येतात. हे झालं धुरजड. बरोबर मध्यावर लावली तर हातावर काहीच येत नाही, पण प्रत्येक दगडावर बोट सीसॉसारखी वरखाली होते आणि उतारावर हातातून निसटू पाहते. मध्यापासून ३० सेंटिमीटर मागे लावली तर हातावर बरोबर ४ किलो येतात. म्हणजे भरलेल्या दप्तराहून कमी! तिथे प्रत्येक बोटीवर आम्ही पिवळी खूण रंगवली आहे. आबांनी न मोजता सांगितलेलं आणि मी मोजून काढलेलं एकच निघालं, याचा मला पेपरातल्या मार्कांपेक्षा जास्त आनंद झाला.

या गाडीतही उणिवा आहेत. ती घडी होत नाही आणि त्या ॲल्युमिनियमच्या गाडीपेक्षा बरीच जड आहे. पाण्याआधीच्या ओल्या गाळात तिची चाकं रुततात. तिथे गाडी उलटी करून ठेवायची आणि शेवटचे दहा मीटर बोट गाळावरून सरकवायची, ओल्या गाळावर तळ घासत नाही. पण या वाटेवर ती जिथे बिघडेल तिथेच, आमच्याच हातांनी दुरुस्त होते. आमच्यासाठी भरवशाची गाडी म्हणजे एवढंच.

एका आयात गाडीच्या खर्चात वर्कशॉपने अशा दोन गाड्या केल्या. मार्चपासून नवा क्रम लागू झाला: प्रत्येकाने आपली बोट आपणच न्यायची आणि गाड्यांवर पहिला हक्क आठवीचा. काही सीनियर आधी कुरकुरले, मग आपापल्या जोडीदाराबरोबर बोट उचलू लागले. आठवीतला सर्वांत लहान कॅडेट ३४ किलोचा आहे. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तो चारशे मीटर एकटा गेला, चाळीस मिनिटं वल्हवून आला आणि चढावर एकदाच थांबला. मदतीला गेलेल्याला त्याने हात लावू दिला नाही.

पुढच्या वर्षी किल्ली ज्याच्याकडे येईल त्याच्यासाठी: दर शनिवारी आसाला वंगण घाल, चिखल वाळायच्या आत चाकं धू, दोन ट्यूब आणि ठिगळाची डबी दाराजवळच्या फळीवर आहेत. वापरल्यास त्याच दिवशी नवीन आणून ठेव. आणि एप्रिल आला तरी आठवीची यादी फळ्यावरून पुसू नकोस.